मॉकला किती पडतात?

बोर्डाची परीक्षा संपली की आमच्याकडे फोनचा सीझन सुरू होतो. पोरांचे नाही, आईबाबांचे फोन. प्रश्न सगळ्यांचा एकच, आकडा फक्त बदलतो. "मॅडम, मॉकला एकशे पंचेचाळीस पडतायत, मग सीईटीला किती धरायचे?" मॉक म्हणजे सरावाची परीक्षा, सीईटी म्हणजे बारावीनंतरची इंजिनीअरिंग वगैरेची प्रवेश परीक्षा. कोणी सकाळी दुधाच्या वेळेला विचारतं, कोणी रात्री जेवणं आटपल्यावर, एका ताईंनी तर हळदीकुंकवाला वाण हातात देता देता विचारलेलं.

मी परळला मॅथ्स शिकवते. क्लास म्हणजे काय तर वन रूम किचन, किचनमध्ये ऑफिस आणि रूममध्ये बाकं. लालबाग, शिवडी, करी रोड, वडाळा इथली पोरं येतात. मोठ्या क्लाससारखी एसी लॅब वगैरे आमच्याकडे नाही, पण दर शनिवारी मॉक असते आणि मॉकनंतर अर्धा तास चालणारा तमाशा असतो, कोणाला किती, कोणाला कमी, कोण रडतंय, कोण वडापावला निघालंय.

तर उत्तर आधीच देऊन टाकते, घाईत असलेल्यांनी इथूनच परत जायला हरकत नाही. मॉकच्या मार्कांचा आणि खऱ्या सीईटीच्या मार्कांचा संबंध असतो, चांगला घट्ट असतो. मॉकला कायम साठ घेणारा पोरगा सीईटीला एकशे साठ घेऊन आला असं सहसा होत नाही, झालं तर पूर्ण गल्लीत बॅनर लागतो. पण मॉकवरून एक आकडा सांगता येत नाही, एक पट्टा सांगता येतो, इथून तिथपर्यंत कुठेतरी. आणि पट्टा कोणालाच नको असतो.

ज्यांच्या घरात यंदा कोणी बारावीला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एमएचटी सीईटीचा पीसीएम ग्रुप म्हणजे १५० प्रश्न, २०० मार्क. फिजिक्स, केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न, एकेका मार्काचे, दोघांना मिळून ९० मिनिटं. मॅथ्सचे पन्नास, दोन-दोन मार्कांचे, त्याला वेगळी ९० मिनिटं. केमिस्ट्री लवकर उरकली म्हणून मॅथ्सला जास्त वेळ मिळत नाही. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळं रामायण तिथेच आहे.

एका मुलीचं सांगते. मॉकला मॅथ्समध्ये ७२ पडले, आदल्या शनिवारी ६२ होते. ६२ वाल्या शनिवारी आईने मोबाईल काढून घेतला होता, ७२ वाल्या शनिवारी परत दिला आणि वर पाणीपुरी. मुलगी खूश, आई खूश. मी म्हटलं बस जरा, पेपर काढ, आज बरोबर आलेले प्रश्न बघू. पोरांना चुकलेले प्रश्न बघायची सवय असते, बरोबर आलेल्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही. आम्ही एकेका प्रश्नापुढे पेन्सिलने खूण करत गेलो, हा सोडवला की हा तुक्का. पहिली दोन पानं ती झरझर "सोडवला, सोडवला" म्हणत गेली, मग एका डेफिनिट इंटिग्रलपाशी गाडी अडली. रफ शीटवर त्या प्रश्नाचं काहीच नाही. "मॅडम, ते बघूनच पाय बाय फोर वाटलं." आता असं वाटणं कधी कधी सरावातून पण येतं, म्हणून तो मी तिच्या बाजूने सोडला. पण पुढे व्हेक्टर्समध्ये तेच, थ्रीडीमध्ये तेच, आणि प्रोबॅबिलिटीच्या धड्यात तर तिने सरळ सगळीकडे सी टिक केलेला, कारण मैत्रिणीने सांगितलेलं की सी जास्त येतो. प्रोबॅबिलिटीच्या धड्यात! मला हसावं की रडावं कळेना.

शेवटी हिशोब असा निघाला. तेहतीस प्रश्न तिने खरंच सोडवलेले, त्यातले एकोणतीस बरोबर. उरलेले सतरा तुक्के, त्यातले सात लागले. चार पर्यायांमध्ये डोळे मिटून मारलं तर सतरात साधारण चार लागावेत, हिचे सात लागले. मग आदल्या शनिवारचा पेपर काढला. तिथे चौतीस सोडवलेले, एकोणतीस बरोबर, सोळा तुक्के, लागले फक्त दोन. म्हणजे दोन्ही शनिवारी मुलीला येत होतं तेवढंच येत होतं, दहा मार्कांची उडी पूर्ण तुक्क्यांची. पहिल्या शनिवारी शिक्षा झाली ती पण तुक्क्यांची आणि पाणीपुरी मिळाली ती पण त्यांचीच. सोळा-सतरा तुक्क्यांमध्ये दोन लागणं किंवा सात लागणं यात नवल असं काहीच नाही, दोन्ही अगदी रोजच्यातलं आहे. तिचा खरा आकडा मला विचाराल तर ६६ च्या आसपास. पण ६६ तिला कुठल्याच शनिवारी पडले नव्हते, त्यामुळे ते ना तिला पटलं ना आईला.

आणि गंमत अशी की हे काही फक्त मॉकला होतं असं नाही. सीईटीच्या दिवशी पण ती शेवटच्या दहा मिनिटांत सतरा प्रश्नांवर क्लिक करणारच आहे, करायलाच पाहिजे, निगेटिव्ह नाही तर मोकळा कशाला सोडायचा. त्या सतरात किती लागणार हे तिला माहीत नाही, मला माहीत नाही, प्रश्न काढणाऱ्यालाही माहीत नाही. वर सिलॅबस एवढा मोठा, साधारण वीस टक्के अकरावीचं आणि ऐंशी टक्के बारावीचं, त्यातून पन्नास प्रश्न उचलायचे. तिच्या नावडत्या धड्यावर दोन प्रश्न आले की चार, यावरच चार मार्क इकडचे तिकडे. तेव्हा मॉक खऱ्या परीक्षेचा अंदाज चुकवते असं लोक म्हणतात तेव्हा मला विचारावंसं वाटतं, खरी परीक्षा तरी स्वतःचा अंदाज बरोबर देते का? जेईई मेनचं बघा, इंजिनीअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. २०१९ पासून ती वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा होते, हल्ली जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, आणि दोन्हीतला चांगला स्कोअर धरतात. तीच परीक्षा, तोच मुलगा, तरी दोन्ही वेळेला सारखे पर्सेंटाइल (म्हणजे काय ते पुढे सांगते) आलेला मुलगा मी तरी बघितलेला नाही. काही फरक अभ्यासाचा असतो हे मान्य, तीन महिन्यांत पोरं वाढतात. पण जानेवारीपेक्षा एप्रिलमध्ये कमी आलेले पण असतात की, आणि ती काही मधल्या काळात लॉगरिदम विसरलेली नसतात.

आपल्याकडे पर्सेंटाइल छापतात दशांशानंतर सात आकडे. सोनाराच्या काट्यावर गुंजभर सोनं तोलल्यासारखं वाटतं, बघणाऱ्याला वाटतं एवढं बारीक मोजलंय म्हणजे पक्कंच असणार. पण ते सात आकडे दोन मुलांचा स्कोअर सारखा येऊ नये म्हणून आहेत, मुलाची हुशारी सातव्या घरापर्यंत मोजली असं त्यातून काही निघत नाही. अमेरिकेत लॉच्या ॲडमिशनसाठी एलसॅट असते, स्कोअर १२० ते १८० मधला, आणि तिथे रिझल्टवर स्कोअरसोबत एक स्कोअर बँड पण देतात, म्हणजे परीक्षा घेणाराच सांगतो की बाबांनो तुमचं मूल एवढ्या ते एवढ्याच्या मध्ये कुठेतरी आहे. आपल्या निकालावर असा बँड छापला तर काय होईल याचा मी विचार करते कधी कधी. बहुतेक लोक वरचा आकडा सांगतील.

आता पर्सेंटाइल. यावर मी पालकांच्या मीटिंगमध्ये घसा बसेपर्यंत बोलते आणि मीटिंग संपल्यावर जिन्यात कोणीतरी विचारतंच, "मॅडम, ९५ पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १९० ना?" नाही हो दादा. तुमच्या मुलाच्या सेशनला जेवढी मुलं बसली, त्यातल्या किती जणांना त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी मार्क पडले ते मोजायचं, सेशनच्या एकूण मुलांनी भागायचं, शंभराने गुणायचं. एवढंच. त्यात मुलाला किती येतं यापेक्षा आजूबाजूला कोण बसलंय हे जास्त आहे. सीईटी काही दिवस चालते, सकाळ-दुपार सेशन असतात, प्रत्येक सेशनचा पेपर वेगळा. अवघड सेशनला १४० वाला सोप्या सेशनच्या १५० वाल्याच्या पुढे जाऊ शकतो, आणि मग दोघांच्या आया एकमेकींकडे संशयाने बघतात.

मग मॉकला मिळालेले पर्सेंटाइल कोणाच्या गर्दीतले? हा खरा प्रश्न आणि तो कोणीच विचारत नाही. पैसे भरून टेस्ट सिरीज घेतलेली, शेवटपर्यंत टिकून प्रत्येक पेपर दिलेली पोरं म्हणजे आधीच चाळणीतून आलेली पोरं. त्यांच्यात ८५ पर्सेंटाइल आले तर खऱ्या गर्दीत जास्त यायला वाव असतो, कारण तिथे बोर्डावरच सगळा भर देऊन सीईटीला नुसतं बसायचं म्हणून बसलेली पण भरपूर असतात. उलट फुकटची ऑनलाइन मॉक असते तिथे निम्मी पब्लिक वीस मिनिटांत कंटाळून उठते, कोणी फिजिक्स अर्धवट टाकून रील्स बघायला जातं, सगळे मोजले जातात आणि तुमच्या लेकाला ९८ मिळतात. स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर. सोलापूरच्या काकूंपर्यंत पोचतो.

आणि वरच्या टोकाला तर एकेका मार्काला किती माणसं चिकटलेली असतात याची कल्पनाच येत नाही लोकांना. समजा एका ग्रुपला तीन लाख मुलं बसली, तर एक पर्सेंटाइल म्हणजे तीन हजार मुलं. ९९ पर्सेंटाइल आले म्हणजे पुढे तीन हजार जण उभे. माटुंग्याच्या व्हीजेटीआय इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर पाहिजे म्हणणाऱ्याला हा हिशोब सांगितला की तो एकदम शांत होतो. म्हणून १४५ म्हणजे किती पर्सेंटाइल असं मला कोणी विचारलं की मी सरळ सांगते, पेपर व्हायच्या आधी ते सांगता येत नाही. गेल्या वर्षीचे मार्क विरुद्ध पर्सेंटाइल असे तक्ते फिरत असतात व्हॉट्सॲपवर, ते गेल्या वर्षीच्या पेपरचे आणि गेल्या वर्षीच्या गर्दीचे.

हायेस्टचा विषय वेगळाच आहे. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, लग्नात, गणपतीच्या मीटिंगमध्ये कोणी मॉकचे सरासरी मार्क सांगताना मी अजून ऐकलेलं नाही. सगळे हायेस्ट सांगतात. आणि हायेस्ट म्हणजे काय, तर ज्या दिवशी पोराला येत होतं ते आलं, तुक्के लागले, नावडते धडे आले नाहीत, आणि डोकं पण दुखत नव्हतं, असा सगळं जुळून आलेला दिवस. पुढच्या वेळेला यातलं एखादं तरी जुळणार नाहीच, मार्क खाली येणारच. फ्रान्सिस गॅल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीवर लिहिताना हीच गोष्ट मांडली होती, फार उंच आईबापांची मुलं उंच असतात खरी, पण सरासरीने आईबापांइतकी नाही, मधल्या उंचीकडे थोडी सरकलेली. कोणाची चूक नसते त्यात. पण आपल्याकडे पोराचे मार्क हायेस्टवरून खाली आले की कारणं तयार असतात. टेन्शन घेतलं. मित्र वाईट आहेत. नजर लागली, आणि ती लागली ती पण त्याच लिफ्टवाल्या शेजारणीची.

टेन्शन खोटं आहे असं मी म्हणत नाही. घरी मॉक देताना पंखा डोक्यावर, चहा बाजूला, मध्येच कुरिअरवाला आला तर टायमर थांबवला, दोन मिनिटं आजीशी बोलून परत बसला, मग ते मार्क "तीन तासांचे" म्हणून लिहायचे. खऱ्या दिवशी सेंटर येतं पवईला वगैरे, परळहून ट्रेनने कांजूरमार्ग आणि पुढे रिक्षा, रविवार असला तर मेगाब्लॉक, एप्रिल-मेचा घाम, गेटवर बाप सारखा हॉलतिकीट तपासतोय. आत गेल्यावर शेजारचा मुलगा टकाटक माउस मारतोय आणि आपला अजून चौथा प्रश्न चाललाय. स्क्रीनवर गणित वाचायचं, खाली कागदावर करायचं, परत मान वर करून ऑप्शन शोधायचा, याची सवय नसेल तर येणारी बेरीज पण चुकते. आणि काही गोष्टी कुठल्याच मॉकमध्ये नसतात. २०२५ ला २७ एप्रिलच्या एका सेशनमध्ये मॅथ्सच्या प्रश्नांतच चुका निघाल्या आणि त्या मुलांना ५ मे ला परत परीक्षा द्यावी लागली. आता याची प्रॅक्टिस कशी करणार सांगा.

क्लासवाल्यांबद्दल पण बोलायला हवं, मी त्यातलीच असले तरी. मॉकचा पेपर किती अवघड काढायचा हे काढणाऱ्याच्या हातात असतं, आणि काढणाऱ्याचे हेतू असतात. काही ठिकाणी डिसेंबरात मुद्दाम दगडासारखा पेपर देतात, पोरं घाबरली पाहिजेत म्हणजे क्रॅश कोर्सला नाव घालतात. काही ठिकाणी शेवटची मॉक गोडगोड असते, घरचे खूश राहावेत म्हणून. दोन्ही पेपरवरचे मार्क खऱ्या परीक्षेशी लावून बघण्यात काही अर्थ नाही. परदेशात मास्टर्सला जाणारे देतात त्या जीआरईसारख्या परीक्षेचं बरं आहे, परीक्षा घेणारी ईटीएस स्वतःच सरावाचे पेपर देते, त्यातले दोन फुकट, म्हणजे निदान पेपर काढणारा तरी तोच. तिथे सरावाचा स्कोअर जास्त विश्वासाने धरता येतो.

बरं, मग मॉक द्यायच्याच नाहीत का, असं एका बाबांनी तावातावाने विचारलं होतं. अहो द्यायच्याच, भरपूर द्यायच्या, पण अभ्यास म्हणून. रोएडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे. मुलांना उतारे वाचायला दिले, काहींना परत परत वाचायला लावलं, काहींना एकदा वाचून नंतर आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे परीक्षा देणं हाच अभ्यासाचा जबरदस्त प्रकार आहे. भानगड अशी की एकदा सोडवून, चुका बघून, समजून घेतलेला पेपर मोजायच्या कामाचा राहत नाही. आणि आमची पोरं टेलिग्रामवरून जे पीडीएफ उतरवतात त्यात तेच ते प्रश्न आलटून पालटून असतात, आकडे बदललेले, कधी तर तेवढेही नाही. मार्चमध्ये १५८ पडले म्हणून नाचणाऱ्या एका मुलाला मी विचारलं यातले आधी बघितलेले किती, तर तो म्हणाला, "मॅडम, चाळीसेक असतील." चाळीस!

मी स्वतः कसं बघते ते सांगते, कोणाला पटलं तर घ्या. शेवटच्या महिन्यात कोरे पेपर बाजूला ठेवायचे, कोणी न बघितलेले. खऱ्या वेळेलाच द्यायचे, सेशन सकाळचं असेल तर सकाळी, टायमर थांबवायचा नाही, आजी आली तरी. प्रत्येक पेपरमधले तुक्के वेगळे काढायचे, जास्त लागले असतील तर तेवढे वजा करायचे, कमी लागले असतील तर मिळवायचे, इथे पोरं खूश होतात कारण मिळवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. सगळे पेपर धरायचे. "तो दिवस वाईट होता" म्हणून एकही वगळायचा नाही, सीईटीचा दिवस पण वाईट असू शकतो. मग सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त लिहायचे, आणि दोन्हीकडे थोडी जागा ठेवायची. आणि कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेच्या, फॉर्ममध्ये कॉलेजं भरताना तो पट्टा उपयोगी पडतो, वरच्या आकड्याचं स्वप्न वर ठेवायचं, पण खालच्या आकड्यालाही कुठेतरी जागा मिळेल अशी कॉलेजं यादीत पाहिजेतच. निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा ही यादी मेमध्येच करून ठेवलेली बरी.

परवाच एक बाबा आले होते, बेस्टमध्ये आहेत, ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच. त्यांच्या मुलाचे सगळे पेपर मी समोर मांडले, तुक्के दाखवले, शनिवार दाखवले, आणि म्हटलं दादा, १३५ ते १५५ धरा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, वहीत लिहून पण घेतलं.

"म्हणजे एकशे पंचावन्न."

"दादा, एकशे पस्तीस पण."

"हो हो, ते आहेच. पण त्याच्या मामाला काय सांगू? मामा रोज फोन करतो."

मी म्हटलं, मामाला सांगा निकाल लागला की आम्हीच फोन करू.